दोन वायरी

स्पीकरच्या पाठीवर चार स्क्रू असतात,
दोन वर, दोन खाली,
मधे पितळी पट्ट्या.
अकरा वर्षं मी तिकडे पाहिलंही नव्हतं.
पाठ कोण बघतं कुणाची.

मग लॅमिंग्टन रोडला सिराजभाई म्हणाले,
"पट्ट्या काढा. वरच्याला वेगळी वायर, खालच्याला वेगळी.
मग ऐका तंबोरा."
बोलता बोलता वायर मोजत होते,
नाकापासून बोटापर्यंत एक वार,
आणि चौदा झाल्यावर वीतभर जास्त सोडली,
भाजीवाल्यानं कोथिंबीर टाकावी तशी.

किंमत मी वृंदाला सांगितली नाही.
ती म्हणाली, विचारलंय कुठे मी?

रविवार धरला, कारण शेजारच्या प्लॉटवर
रविवारी पायलिंग बंद.
तेही पाचच्या आत. पाचला सोसायटीचा पंप सुरू होतो
आणि मग आख्ख्या माटुंग्यातलं मंद्र सप्तक
त्याच्या मालकीचं.

स्पीकर ओढले. मागे निघाला
बुद्धिबळातला एक उंट,
विजेचं एक बिल, भरलेलं,
आणि धूळ, इतकी जुनी की तिला आडनाव द्यावं.
पुसली. वायरी लावल्या.
पट्ट्या टेबलावर ठेवल्या.

सुई टेकली. मारवा.
काय सांगू,
जवारी वेगळी, बाईंचा खर्ज वेगळा,
डग्गा जमिनीतून, चाट समोरून.
मी ओरडलो, बघ!
वृंदा म्हणाली, बघायचं की ऐकायचं?

भाचा आला. ओजस. व्हीजेटीआयला तिसऱ्या वर्षाला.
वाकून अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे पाहिलं त्यानं.
"मामा, इकडे दोन्ही वायरी एकाच स्क्रूला आहेत.
चुली दोन मांडल्यात तुम्ही.
सिलिंडर एकच."

मी म्हटलं, कान आहेत मला.
तो म्हणाला, मग पंचा बांधा डोळ्यांवर.

बारा वेळा.
कधी पट्टी, कधी वायर, नाणं उडवून तो ठरवणार.
उत्तरं वृंदा दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहिणार.
प्रत्येक वेळी जोडणीला दोन-तीन मिनिटं,
तोवर मी अंधारात.
आणि अंधारात काय काय ऐकू येतं:
फ्रीज दम खातो,
खाली कुणी कॅरमची सोंगटी भोकाशी नेऊन चुकवतो,
वृंदाची पेन्सिल,
तिचा श्वास, पेन्सिलच्या जरा मागे.
इतकं सुटं सुटं मी काहीच ऐकलं नव्हतं,
आणि स्पीकर तर बंद.

सात बरोबर.
ओजस म्हणाला, नाण्याचे सहा येतात.

मग ते एक जास्तीचं कुणाचं?
कानाचं
की वीतभर कोथिंबिरीचं?

त्याला राहवेना. मोबाइलवर त्यानं एक सूर लावला, फार वरचा.
वृंदानं कानांवर हात ठेवले.
मी म्हटलं, लाव ना. वाट बघतोय.

कुणी काही बोललं नाही.
ओजसनं मोबाइल खिशात घातला, घाईघाईनं,
जसा आपण लहानांपुढून चाकू उचलतो.
"धूळ पुसलीत ना मामा, आणि भिंतीपासून फूटभर पुढे आणलेत,
फरक त्याचा असेल," म्हणाला,
म्हणजे फरक आहे, एवढं त्यानं मला ठेवू दिलं.

पाच वाजले. पंप.

वायरी मी काढल्या नाहीत.
पूर्वी पाच मिनिटांत उठायचो,
आता तबकडीची बाजू संपेपर्यंत बसतो;
सुई शेवटच्या रेघेत घासत राहिली
तरी थोडा वेळ उठत नाही.
पुढे काहीतरी असेल, वर,
जे फक्त तिला ऐकू येतंय.

पट्ट्या शोधल्या तर तीनच.
चौथी वृंदानं टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवली होती.
चहा ठेवला. हलला नाही.
एवढा एक फरक
उघड्या डोळ्यांनी, दोघांनाही मान्य.